जर्मनीतल्या घरावर भावकीचा हक्क

आमच्या गावाकडे जमीन विकायची रीत ठरलेली आहे. आधी भावकीला विचारायचं. भावकी नको म्हणाली, की धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून ज्याचं शेत असेल त्याला विचारायचं. त्यानंही सोडली, तरच बाहेरच्या माणसाशी बोलायचं. कायद्यात हे कुठं लिहिलंय की नाही, मला ठाऊक नाही. पण घनसावंगीच्या आसपास ज्यानं ही पायरी चुकवली, त्याच्या घरच्या लग्नात जेवायला माणसं मिळत नाहीत, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय. ही रीत एका जर्मन घराला लावायची अक्कल माझी. ती सुचली तेव्हा मी कांदा चिरत होते आणि डोळ्यांत पाणी असून हसत होते. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, कांदा तिखट आहे.

आम्ही बरीच वर्षं जर्मनीतल्या एका लहानशा गावात राहिलो. नवरा यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता. तिथला सगळा कारभार इंग्रजीत, त्यामुळे एवढ्या वर्षांत तो जर्मन शिकला ती नमस्कार, धन्यवाद आणि बिल आणा, एवढीच. मी पावाच्या दुकानात काम धरलं. सकाळी सकाळी पाव घ्यायला येणाऱ्या म्हाताऱ्यांशी बोलून बोलून वर्षभरात मला जर्मनमधून भांडता यायला लागलं. भाषा आली असं मी तेव्हापासून धरते.

तिथंच आम्ही घर घेतलं. खाली दोन खोल्या, वर दोन, मागं वावराच्या तुकड्याएवढं अंगण. कागदावर निम्मं नाव नवऱ्याचं, निम्मं माझं. माहेरी आष्टीला घर भावांच्या नावावर, इथं सासरी आधी सासऱ्यांच्या आणि मग नवऱ्याच्या. माझं नाव लागलेलं छप्पर जगात तेवढं एकच होतं.

मग नवऱ्याला गावाची ओढ लागली. ‘दोन वर्षं राहून बघू, नाही जमलं तर परत येऊ,’ असं ठरवून आम्ही आलो. घर भाड्यानं दिलं. नवरा तर इथं आल्या आल्या असा खुलला, की मला ओळखू येईना. ऊस, ठिबक, गोदावरीचं पाणी कधी सुटणार, साखर कारखान्याची तोड कधी येणार. तिकडं रविवारीसुद्धा गप्प बसणारा माणूस इथं पारावर तासन्‌तास बोलायला लागला. मीही काही रडत बसले नव्हते. चार बायका जोडल्या, गच्चीवर पाव भाजायची भट्टी बांधली. वैताग यायचाच. वीज जायची, पाहुणे न सांगता यायचे, कोपऱ्यावरच्या दुकानात गेले तरी ‘कुठं निघाल्या?’ म्हणून विचारायचे. पण वैताग आला की मी मनात म्हणायचे, आपलं घर आहे तिकडं, उद्या ठरवलं तर उद्या निघू. एवढं म्हटलं की राग उतरायचा आणि मी निमूट पाहुण्यांना चहा टाकायचे.

आणि एक दिवस जेवताना नवरा म्हणाला, “भाडेकरू गेलेत. आता ते घर विकून टाकू. तिथल्या एका दलालाशी बोललोय.”

मी भाकरी थापत होते. थापता थापता भाकरी फाटली.

सरळ नाही म्हणायला काय झालं होतं, असं कोणी विचारेल. सरळ नाही म्हटलं असतं तर भांडण झालं असतं, आणि भांडण झालं असतं तर गावात हेच झालं असतं की बाईला जर्मनीचं वारं लागलंय, नवऱ्याला गावात सुखानं राहू देत नाही. शिवाय खरं सांगायचं तर सरळ बोलण्यात मला मजा येत नाही. मी म्हटलं, “विका की. घर तुमचंच आहे.” नवरा इतका चकित झाला, की त्यानं त्या दिवशी स्वतःचं ताट स्वतः उचललं.

दुसऱ्या दिवशी मी जाऊबाईंकडे गेले. जाऊबाई म्हणजे माझ्या चुलत थोरल्या दिरांची बायको, आणि हे थोरले भाऊजी म्हणजे आमच्या भावकीचं शेवटचं कोर्ट. जाऊबाईंना सांगितलेली गोष्ट सकाळी सांगितली तर दुपारी शहागडच्या पुलावर ट्रकवाल्यांना ठाऊक असते. मी शेंगा निवडता निवडता सहज म्हटलं, “अक्का, आमचं तिकडचं घर विकायलेत. दलालाला बोलले म्हणं. भावकीला काही विचारलं न्हाई, पण जर्मनीचं हाय, तिथं काय विचारायचं?”

जाऊबाईंचा हात शेंगांत तसाच राहिला. “म्हंजी? न विचारता?”

मी खाली मान घालून शेंगा निवडत राहिले.

संध्याकाळी आमच्या ओसरीवर भावकी भरली. थोरले भाऊजी मधोमध बसले. नवरा उसातून आला तो पायांना चिखल तसाच.

“काय रे,” भाऊजी म्हणाले, “घर विकून राह्यला म्हनं.”

“हो दादा. म्हंजे, ते जर्मनीतलं.”

“मला म्हाईत हाय कुठलं ते. भावकीला कोनी इचारलं?”

“दादा, तिथं असलं काही नसतं. तिथं कोणीही कोणाला विकतो.”

“तिथं नसंल. घर तिथलं हाय. विकणारा कुठला हाय?”

नवरा वाकून पायाचा चिखल खरवडायला लागला. मी आतून चहाचा ट्रे घेऊन आले, पदर सावरला आणि मान खाली घातली. हसू दाबायला पदर फार कामाला येतो.

मग एकेकानं आपलं म्हणणं मांडलं. एक चुलत दीर म्हणाले, आपल्याला इचार करायला वेळ पाहिजे, ऊस गेल्याबिगर काही बोलता येत न्हाई. दुसऱ्यांचा जावई परदेशी जायच्या खटपटीत होता, त्याला विचारल्याशिवाय ते हक्क सोडणार नव्हते. तिसऱ्यांना मुळात तिथं घरपट्टी कुठल्या ग्रामपंचायतीत भरतात, हे समजून घ्यायचं होतं. “जल्दी कशाची हाय?” भाऊजी शेवटी म्हणाले. “घर काय पळून चाललंय का? बराबर इचार करून सांगू.”

पुढं त्या विचाराला बहर आला. तिकडं दलाल रोज नवा कागद मागायचा, इकडं नवरा त्याला कळवायचा की कुटुंबात सल्लामसलत चालू आहे. दलालाला वाटलं, कुटुंब म्हणजे आम्ही दोघं. दोघं माणसं एवढे दिवस काय सल्लामसलत करतात, हे त्याला समजेना. एक कागद असा होता, की घरातली ऊब बाहेर किती गळते याचा दाखला. नवऱ्यानं तो भाऊजींना समजावून सांगितला.

“म्हंजी घराचं पीयूसी,” भाऊजी म्हणाले.

दलालानं एक दातांचे डॉक्टर नवरा-बायको आणले होते. त्यांना घर आवडलं होतं. ते थांबले, थांबले आणि कंटाळून दुसरं घर घेऊन मोकळे झाले. ती बातमी आली त्या दिवशी मी झणझणीत येसर आमटी केली, वर तुपाची धार सोडली. नवरा दुःखात होता तरी त्यानं दोन वाट्या जास्त खाल्ल्या. मला त्याची थोडी दया आली, पण येसर चांगली जमली होती.

सगळं असं माझ्या मनासारखं चाललं होतं, आणि नडला तो भाऊजींचा प्रामाणिकपणा. मला वाटलं होतं, भावकी हा विषय वर्षानुवर्षं चघळेल. पण भाऊजी एकदा जबाबदारी घेतली की ती नीट पार पाडणारे. ऊस गेल्यावर ते आले आणि म्हणाले, “घर बघितल्याबिगर हक्क सोडता येत न्हाई. आपल्याला घर बघायचं हाय.”

“दादा, जर्मनी आहे.”

“मोबाइलवर. माझा नातू रोज बघतो कुठलं कुठलं.”

घराची एक किल्ली आमच्या शेजारणीकडे होती. सत्तरी ओलांडलेली, निवृत्त नर्स, एकटी राहणारी. आमच्या आणि तिच्या अंगणामध्ये झुडपांचं कुंपण होतं. ती तिची बाजू कापायची, मी माझी. मी तिला फोन करून सगळं सांगितलं. भावकी म्हणजे काय ते समजावता समजावता माझी दमछाक झाली. शेवटी ती म्हणाली, बरं, म्हणजे तुझ्या नवऱ्याच्या सगळ्या भावांना घर दाखवायचं, उद्या दाखवते. बाईनं त्यासाठी केस विंचरून, चांगला कोट घालून तयारी केली होती.

इकडची तयारीही कमी नव्हती. ओसरीवर सतरंजी, मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा, समोर भावकी. दुभाषी मी. इथं एक अडचण होती. भाऊजी माझ्याशी थेट बोलत नाहीत. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायचं नाही, ही रीत ते अजून पाळतात. मला काही सांगायचं असलं की ते खांबाकडे बघून सांगतात. त्यामुळे प्रश्न भाऊजींकडून खांबाला, खांबाकडून मला, माझ्याकडून जर्मनमध्ये मोबाइलला, आणि उत्तर त्याच वाटेनं उलटं.

“त्यान्ला म्हनावं, माती दाखवा,” भाऊजी खांबाला म्हणाले.

मी सांगितलं. शेजारणीनं जरासुद्धा न विचारता खुरपं आणलं, मागच्या अंगणात वाकली आणि मूठभर माती मोबाइलसमोर धरली. भावकी पुढं सरकली.

“काळी हाय,” कोणीतरी आदरानं म्हणालं.

“पान्याचं काय? बोअर हाय का?”

“नळ आहे. कधी जात नाही.”

“कधीच न्हाई?” तिघांनी एकदम विचारलं.

“कुंपन कोनाचं?”

“दोघींचं. निम्मं निम्मं.”

“त्यावरनं वाद?”

मी विचारलं. शेजारीण हसली आणि म्हणाली, तुमच्या माणसांना सांग, एवढ्या वर्षांत एकदाच बोलाचाली झाली, ती तू कापलेल्या फांद्या माझ्या गुलाबावर पडल्या म्हणून. मी ते सांगितलं. भाऊजींनी टोपी काढून पुन्हा घातली. धुऱ्यावरून त्यांचा स्वतःचा दावा जालन्याच्या कोर्टात किती वर्षं चालू आहे, ते इथं सगळ्यांना माहीत होतं.

मग शेजारीण आत गेली. जिना, वरच्या खोल्या, खाली स्वयंपाकघर. खिडकीपाशी माझी बसायची जागा, पलीकडे चर्चचं टोक. शेगडीमागच्या भिंतीवर हळदीचा एक डाग होता, तो एवढे भाडेकरू येऊन गेले तरी गेला नव्हता. मला रडू येईल असं वाटलं, आणि रडायची सोय नव्हती, कारण भावकी भाषांतराची वाट बघत होती. मी म्हटलं, “हे स्वयंपाकघर. उजेड चांगला येतो.” आवाज माझा मलाच परका वाटला. नवऱ्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मोबाइलकडे बघायला लागला.

घर पाहून झालं. भाऊजींनी घसा खाकरला. “घर चांगलं हाय. पन आपल्याला झेपत न्हाई. मी हक्क सोडला.” त्यांच्यामागं एकेकानं “सोडला, सोडला” म्हटलं. जाऊबाईंनी गुळाचा खडा सगळ्यांच्या हातावर ठेवला. पलीकडे मोबाइलमध्ये शेजारणीला वाटलं, काहीतरी देवाचं चाललंय. ती हात जोडून उभी राहिली.

माझं हत्यार असं माझ्या डोळ्यांसमोर गुळासोबत विरघळलं. तरी मला वाटलं, काही बिघडलं नाही, दुसरं काहीतरी सुचेल. तेवढ्यात भाऊजी खांबाला म्हणाले, “आता धुऱ्याच्या मानसाला इचारा. बाई समोरच हाय. घेती का म्हनावं.”

हे विचारायची पद्धत असते म्हणून विचारायचं. शेजारीण एकटी, म्हातारी, तिचं स्वतःचं घरच तिला मोठं पडत होतं. ती नाहीच म्हणणार, याची मला खात्री. तरी मी काळजी घेतली. मी जर्मनमध्ये विचारलं, “यांचा एक औपचारिक प्रश्न आहे. तुम्हाला हे घर काही घ्यायचं नसेलच, हो ना?”

शेजारणीनं कोटाची बटणं चाचपली आणि ती म्हणाली, घ्यायचंय. तिच्या मुलीला या गावात परत यायचं होतं, आईच्या जवळ राहायचं होतं. घर विकायला निघालंय हे शेजारणीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण दलाल मधे आहे, गिऱ्हाईक ठरत आहे, अशा वेळी शेजाऱ्यानं तोंड घालणं बरं दिसत नाही म्हणून ती बोललीच नव्हती. कोणी विचारेल असं तिला वाटलं नव्हतं.

ओसरीवर सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. एका शब्दाचं काम होतं. ‘नको म्हणतात,’ एवढं मी म्हटलं असतं, तर इथं कोणाला कळणार होतं? नवऱ्याची जर्मन बिलाच्या पुढं जात नव्हती. माझ्या ओठांवर तो शब्द आलाही होता. पण तिकडं ती बाई जोरजोरात मान हलवायला लागली, वर दोन्ही अंगठे उंच करून दाखवले, आणि डोळे पुसले.

“हो म्हनल्या वाटतं,” भाऊजी म्हणाले. या वेळी चुकून थेट मला.

ज्या घरासाठी दलालाला इतके महिने गिऱ्हाईक टिकवता आलं नव्हतं, ते मी लांबणीवर टाकायला म्हणून काढलेल्या रीतीनं एका बैठकीत विकून दिलं. गावात माझं फार कौतुक झालं. जाऊबाई तर सांगत सुटल्या, आमच्या धाकटीमुळं रीत बी राह्यली न् घर बी गेलं. मी दोन दिवस नवऱ्याशी बोलले नाही. त्याला वाटलं, घशाला सर्दी आहे. त्यानं हळदीचं दूध करून दिलं.

आता माघार घ्यायची सोय नव्हती. विचारून फिरवणं म्हणजे न विचारण्यापेक्षा वाईट, आणि ते मलाही पटतं. शिवाय त्या बाईचे पुसलेले डोळे मी पाहिले होते. नवरा म्हणाला, मुंबईला वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र करून टाकू, जायचा खर्च वाचेल. मी म्हटलं, माझी सही हवी असेल तर ती मी तिथं जाऊन करीन. तो लगेच हो म्हणाला. इतका लगेच, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

तिथं घराचा व्यवहार नोंदवणारा अधिकारी सगळा दस्त पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवतो. तसा कायदाच आहे. आम्ही ओळीनं बसलो होतो: शेजारीण, तिची मुलगी, मी, नवरा, आणि नवऱ्यासाठी नेमलेला एक दुभाषी. सत्यनारायणाच्या कथेला बसतात तसे सगळे हात मांडीवर ठेवून. अधिकारी न थांबता वाचत होता. वाचून झाल्यावर त्यानं एकेकाला विचारलं, सगळं समजलं का, आणि हे तुमच्या इच्छेनं करताय का. नवरा दुभाष्याला ‘येस’ म्हणाला. मग अधिकारी माझ्याकडे वळला.

मी पाणी मागितलं. पाणी आलं, ते सावकाश प्याले. मग म्हटलं, तो कुंपणाचा परिच्छेद पुन्हा वाचाल का? त्यानं पुन्हा वाचला. नवऱ्याचे कान लाल झाले होते. खिशातला रुमाल त्याला सापडत नव्हता. मला त्या वेळी जी मजा आली तिची चव अजून तोंडात आहे. मग मी शेजारणीच्या मुलीकडे बघितलं. ती आईचा हात धरून बसली होती. मी म्हटलं, हो, माझ्या इच्छेनं, आणि सही केली.

बाहेर आलो तर ऊन पडलं होतं. मी जिथं काम करायचे त्या दुकानातून दोन पाव घेतले आणि आम्ही समोरच्या बाकावर बसलो. नवरा म्हणाला, “चला. सुटलो.”

मला एकदम भरून आलं. मी म्हटलं, “तुम्ही सुटलात. माझं तसं नाही. हे घर होतं तोवर मी गावात राहत होते. आता मला तिथं राहावं लागणार आहे.”

तो पावाचा तुकडा मोडत होता तो थांबला. मग खाली बघत म्हणाला, “मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“तू कशाच्या जोरावर राहतेस ते. म्हणूनच विकायचं होतं. तू रागावलीस ना, की मी आधी आत जाऊन बघायचो, कपाटावरची बॅग जाग्यावर आहे का. रोज भीती वाटायची, आज गेलीस की काय.”

मला राग आला, असा राग की तो पाव त्याच्या डोक्यात घालावा. आणि त्याच वेळी त्याची दयाही आली. भर दुपारी उसातून चिखलाच्या पायांनी येऊन कपाटावर डोकावणारा हा माणूस मी इतकी वर्षं ओळखत नव्हते. मी एवढ्या युक्त्या केल्या, भावकी गोळा केली, खांबाला जर्मन शिकवलं, आणि हा सगळं ओळखून गप्प बसला होता. विचारलं मात्र नाही. अख्ख्या भावकीला विचारून झालं, शेजारणीला विचारून झालं, त्या अधिकाऱ्यानंही विचारलं. नवऱ्यानं नाही विचारलं.

“घर विकलं म्हणजे बायको जात नाही, असं तुम्हाला कोणी सांगितलं?” मी म्हटलं. “तिकीट तर आजही मिळतं.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी हसत नव्हते.

आम्ही परत आलो त्याला आता बरेच दिवस झाले. मी कुठं गेलेले नाही. भट्टी चालू आहे, पाव गावात खपतो, भाऊजी खांबामार्फत एक पाव जास्त मागतात. फक्त कधीतरी, मला वाटेल तेव्हा, मी ती बॅग कपाटावरून खाली काढते आणि पुसत बसते. नवरा असेल तिथून येतो, दारात उभा राहतो आणि विचारतो, “काय झालं? काही पाहिजे का तुला?” हल्ली तो फार विचारतो. मी म्हणते, काही नाही, धूळ बसली होती. त्याला अजून भीती वाटते. वाटू दे.